दाबाचा आकडा

अमरावतीला विमान सुरू झाल्यापासून कॅप्टन उद्धव कस्तुरेला एक नवी सवय लागली होती. बेलोरा विमानतळावर उतरायला वीसेक मिनिटं उरली की तो माइक हातात घ्यायचा आणि मुंबईत ज्या बोलीला लोक हसायचे, त्याच बोलीत प्रवाशांशी बोलायचा. “रामराम मंडळी. मी उद्धव कस्तुरे, अकोल्याचा, जठारपेठेतला. आता आपन बेलोऱ्याले उतरून राहिलो. पट्टे बांधून घ्या जी.” मागे हशा पिकायचा, कोणीतरी शिट्टी मारायचं. खरं तर कस्तुरे मास्तरांच्या घरात वाढल्यामुळे त्याच्या तोंडी पुस्तकी मराठीच बसली होती. पण ही तीन-चार वाक्यं त्यानं चांगली घोटून ठेवली होती. पंचवीस वर्षं विमानं उडवून त्याला कोणी ओळखत नव्हतं. आता अकोल्याला गेला की लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. एकावन्नाव्या वर्षी मिळालेलं हे कौतुक त्याला फार गोड लागत होतं.

ऑगस्टमधल्या त्या सकाळीही तो माइकवरच होता, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

शेजारच्या खुर्चीत दामिनी गावंडे होती. सव्वीस वर्षांची, चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. सहवैमानिक म्हणून लागून तिला जेमतेम पाच महिने झाले होते आणि तिचं प्रशिक्षण उद्धवकडे होतं. ती नोकरीत पक्की होणार की नाही, हे त्याच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. मुलगी बोलायची कमी, पण तिच्या वहीतला एकेक आकडा कोरल्यासारखा असायचा. त्या दिवशी विमान उद्धव चालवत होता आणि टॉवरशी बोलायचं काम दामिनीकडे होतं.

विदर्भावर दोन दिवसांपासून कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला होता. खाली जिथवर नजर जाईल तिथवर ढगच ढग. टॉवरनं वारा सांगितला, ढगांची उंची सांगितली आणि हवेचा दाब सांगितला: नऊशे अठ्ठ्याण्णव. दामिनीनं तो टॉवरला परत म्हणून दाखवला, वहीत लिहिला आणि आपल्या बाजूच्या यंत्राला लावला.

विमानातलं यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखतं. दाब रोज बदलतो, म्हणून विमानतळ त्या घटकेचा आकडा सांगतो आणि वैमानिक तो यंत्राला लावतात. तो आकडा दहानं चुकला तर उंची जवळजवळ तीनशे फुटांनी चुकते. ढगातून उतरताना ‘आता इतकं खाली ये’ असं सांगणारा जो काटा वैमानिकासमोर असतो, तोही त्या दिवशीच्या पद्धतीत याच उंचीवर विसंबून होता. उंची फसली की काटाही फसतो, आणि फसलेला काटा दिसायला मात्र अगदी शहाण्यासारखा मधोमध उभा असतो.

“दाब किती?” उद्धवनं माइक ठेवत विचारलं. मागचा हशा अजून त्याच्या कानात होता.

“नऊशे अठ्ठ्याण्णव, सर.”

“नऊशे? परवा एक हजार आठ होता. तिकडे काय वादळ आलंय का?” त्यानं आपल्या बाजूला एक हजार आठ लावला. लगेच समोर पिवळी सूचना उजळली. दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नव्हते.

“सर, टॉवरनं नऊशे अठ्ठ्याण्णवच दिलाय. मी परत विचारू का?”

“परत विचारून हसं करून घ्यायचंय? या रस्त्यानं मी किती वेळा आलोय आणि तू किती वेळा आलीस?” असं म्हणत त्यानं हात लांब केला, तिच्या बाजूची कळ फिरवली आणि तिथंही एक हजार आठ लावला. पिवळी सूचना विझली. दामिनीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर समोर वळवली.

विमान ढगात शिरलं. काचेवर नुसता पांढरा धूर. काटा मधोमध होता, वेग नीट होता, चाकं उतरली होती. उद्धवला वाटलं, लोण्यातून सुरी जावी तसं चाललंय.

“सर, जमिनीचं अंतर जुळत नाही,” दामिनी म्हणाली. विमानाच्या पोटाखालून लहरी सोडून जमिनीपर्यंतचं खरं अंतर मोजणारं एक वेगळं यंत्र असतं. ती त्याच्याकडे बोट दाखवत होती. “आपण नऊशे फुटांवर असायला हवं. हे सहाशे वीस दाखवतंय.”

“खाली एखादं टेकाड असेल.”

“इथं टेकाड नाही, सर. बेलोऱ्याच्या या अंगाला सगळी सपाट शेतं आहेत. मी इथलीच आहे.”

“दामिनी, काटा बघ. काटा कुठे आहे?”

“मध्ये आहे, सर.”

“मग झालं तर.”

तीन-चार श्वास ती उतरणारा आकडा बघत राहिली. मग तिचा आवाज आला, थोडा कापरा पण स्पष्ट. “सर, गो अराउंड. वर जाऊ या.”

उतरणं सोडून द्यायचं, वर जायचं आणि पुन्हा यायचं. वैमानिकाच्या धंद्यात यात कसलीच नामुष्की नाही. कोणी जाब विचारत नाही. उद्धव स्वतः नव्या मुलांना हेच शिकवायचा. पण त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं, तर आत्ताच आपण रामराम केलेली साठ माणसं मागे बसलीत, आता त्यांना काय सांगायचं? इतकंच. पुढे कितीदा त्यानं तो क्षण तपासून पाहिला, तरी त्यात याहून मोठं काही सापडलं नाही.

“धावपट्टी दिसली नाही तरी अजून दीडशे फूट खाली जायला वाव आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यात ढग फाटला. समोर धावपट्टी नव्हती. कपाशीच्या ओळी होत्या, इतक्या जवळ की पानं वेगळी दिसत होती. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस मान वर करून उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. कॉकपिटमध्ये जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्राचा आवाज घुमला, “टेरेन! पुल अप!”

आणि उद्धवचे हात थिजले. पंचवीस वर्षांचे सराईत हात. ते दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत त्याच्या हातावर एक दुसरा हात आला आणि त्यानं इंजिनांचे दांडे पुढे रेटले. “सर, नाक वर! ओढा!” दामिनी ओरडली. तेव्हा कुठे त्यानं ओढलं.

विमान गरजत वर निघालं. सगळ्यात खाली आलं तेव्हा जमीन एकशे सत्तर फुटांवर होती. पुन्हा ढगात शिरल्यावर दामिनीनं दोन्ही बाजूंच्या कळा फिरवून नऊशे अठ्ठ्याण्णव लावला. दुसऱ्या खेपेला धावपट्टी जिथं असायला हवी तिथंच दिसली.

विमान थांबल्यावर मागे टाळ्या वाजल्या. उतरताना एक जाडसर गृहस्थ थेट कॉकपिटच्या दाराशी येऊन उभे राहिले. हे पिंटूभाऊ तायडे, अकोल्याचे, कुठल्याही कार्यक्रमात पुढे असणारे. हातात मोबाईल, त्यावर व्हिडिओ सुरू. “काय उचललं जी विमान तुमी! खालचं वावर दिसून राहिलं होतं मले. कॅप्टनसाहेब, तुमी नसते तं आज आमी कुठी असतो?”

उद्धवच्या मागे दोन हातांवर दामिनी कागद भरत बसली होती.

“आमचं कामच आहे ते,” उद्धव म्हणाला.

त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. पण हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मागे पेनाचा आवाज थांबला, आणि ते थांबणं त्याला ऐकू आलं.

अशा प्रसंगानंतर विमान जागेवर उभं ठेवायचं, कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र बंद करायचं आणि कंपनीला कळवायचं, असा नियम आहे. ते यंत्र दोनच तासांचं बोलणं धरून ठेवतं, जुनं आपोआप पुसलं जातं. उद्धवनं कळवलं नाही. नवे प्रवासी घेऊन तो मुंबईला परत आला, आणि त्या सकाळचं बोलणं सह्याद्रीवर कुठेतरी पुसून गेलं. मग मात्र अहवाल लिहिणं भाग होतं, कारण धोक्याची सूचना वाजल्याची नोंद विमानाच्या दुसऱ्या यंत्रात राहतेच. त्यानं लिहिलं: ‘दाबाच्या आकड्याबाबत कॉकपिटमध्ये ऐकण्यात गल्लत झाली. धोका लक्षात येताच फेरउड्डाणाचा निर्णय घेण्यात आला.’

दामिनीनं ते दोनदा वाचलं. “सर, आकडा मी बरोबर ऐकला होता.”

“मी कुठे तुझं नाव लिहिलंय? कोणाचंच नाव नाही त्यात.”

“मी माझा वेगळा लिहू का?”

“दोन अहवाल गेले की चौकशी वाढते. तुझं अजून पक्कं व्हायचंय. मी सांभाळून घेतो.”

तिनं कागद त्याच्यापुढे परत सरकवला. कोणाचंच नाव नाही, हे खरंच होतं. पण टॉवरचं बोलणं ऐकायचं काम कोणाचं होतं, हे कंपनीत शिपायालाही ठाऊक होतं. वाक्य लिहितानाच उद्धवला ते कळलं होतं. त्यानं ते म्हणूनच तसं लिहिलं होतं.

चौकशी होईपर्यंत दोघांनाही उड्डाणातून बाजूला केलं. दामिनी गावी गेली. उद्धव अकोल्याला नानांकडे गेला.

नाना म्हणजे त्याचे वडील. ब्याऐंशी वर्षांचे, अकोल्यातल्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेले. पिंटूभाऊंचा व्हिडिओ तोवर घराघरांत पोचला होता. नानांनी आयुष्यात मुलाची फुशारकी मारली नव्हती. पण आता ते सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं की म्हणायचे, “हो, आमचाच.” ठाण्याहून बायकोनं, अनुपमानं, फोन करून विचारलं, “तू मला का नाही सांगितलंस?”  “एवढं काही नव्हतं गं,” तो म्हणाला.

जठारपेठेतल्या एका सभागृहात पिंटूभाऊंनी सत्कार ठेवला. नाही म्हणायला उद्धव दोनदा गेला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शेवटी त्या संध्याकाळी तो व्यासपीठावर बसला. खाली पहिल्या रांगेत नाना, इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हात काठीवर. नानांचे साठी ओलांडलेले विद्यार्थी येऊन त्यांच्या पाया पडत होते. शाल आली, श्रीफळ आलं. “साठ कुटुंबायचा आशीर्वाद हाये या मानसाले,” पिंटूभाऊ माइकवरून म्हणाले. उद्धवनं शाल खांद्यावर घेतली. बोलायला उभा राहिल्यावर त्याला समोर फक्त पंपवाला माणूस दिसत होता. त्यानं चार शब्दांत आभार मानले आणि बसला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. किती साधा माणूस, असं कोणीतरी मागे म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतून फोन आला. सुरक्षा विभागाची प्रमुख सीमा बोलत होती. “कॅप्टन, टॉवरची टेप आली. तुमच्या सहवैमानिकानं आकडा बरोबर ऐकलाय, बरोबर परत म्हटलाय. तरी विमानात दोन्हीकडे चुकीचा लागलाय. म्हणजे ऐकून लावताना तिनं घोळ केला आणि तुम्हाला पण तोच सांगितला. बरोबर?”

उद्धवनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अशा मुलीला पक्कं करणं अवघड आहे. तुम्ही तिचे प्रशिक्षक. तुमचा शेरा उद्यापर्यंत लागेल. त्यावर निर्णय होईल.”

“पाठवतो,” तो म्हणाला.

त्यानं नानांची जुनी गाडी काढली आणि चांदूरचा रस्ता धरला. आपण कशाला निघालोय, हे त्यानं मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत स्वतःलाही सांगितलं नाही. पुढे बडनेऱ्याच्या अलीकडे चहाला थांबला तेव्हा त्याच्या डोक्यात वाक्यं तयार होती. दामिनी, हे बघ, आत्ता गप्प राहा. फेरप्रशिक्षणाला हो म्हण. सहा महिन्यांत मी स्वतः तुला परत घेईन. तो तिला समजवायला निघाला होता. स्वतःची चूक तिनं आपण होऊन उचलावी, हे तिच्याच घरी जाऊन मागायला. चहा अर्धा टाकून तो पुन्हा गाडीत बसला, पण गाडी त्यानं माघारी वळवली नाही.

गावंड्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. सिमेंटचं, पुढे पत्र्याची पडवी. दामिनीचे वडील गजेंद्र पडवीतच होते. त्याच्याच वयाचे असावेत, पण उन्हानं करपलेले. नाव ऐकताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आत हाक मारली, “अक्का, पानी आन वं. पोरीचे साहेब आले.”

अक्का म्हणजे गोदाबाई, त्यांची थोरली बहीण. दामिनीच्या लहानपणीच तिची आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“दामिनी?” उद्धवनं विचारलं.

“वावरात गेली जी. येईन आता. तुमी बसा.” गजेंद्र स्वतः मात्र बसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले. “साहेब, बरं झालं तुमी आले. मले तुमाले येकदा सांगाचंच होतं. आमच्या पोरीकून चूक झाली असन. लहान हाये थे. पन तुमी रिपोर्टात तिचं नाव नाई टाकलं, हे लय मोठं केलं तुमी. कोन करते आजकाल?”

“कोणी सांगितलं तुम्हाला की तिची चूक झाली?”

“थे काईच सांगून नाई राहिली. आली तवापासून नीट जेवून नाई राहिली. इतलंच म्हन्ली का सरनं कोनाचं नाव नाई लिहिलं. मंग मी समजलो. तुमी मोठे मानसं, साठ जनायचा जीव वाचवला. तिलेई सांभाळून घ्या. मी हात जोडतो तुमच्यापुढे.”

आपल्या वयाचा एक माणूस, ज्याचं काहीच चुकलेलं नव्हतं, आपल्यापुढे हात जोडून उभा आहे. उद्धवला तांब्याकडे बघवेना आणि त्या हातांकडेही बघवेना. रस्त्यानं घोकलेल्या वाक्यांतलं एकही उरलं नाही. मातीत तोंड खुपसावं असं त्याला वाटलं.

“गजेंद्रभाऊ, हात खाली घ्या,” तो म्हणाला.  “चूक तिची नव्हती. माझी होती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. साधंच सांगितलं, समजेल असं. तिनं आकडा बरोबर सांगितला होता, मी ऐकला नाही. तिनं लावला होता, तो मी फिरवला. तिनं वर जाऊ म्हटलं, मी गेलो नाही. आणि शेवटी माझे हात चालेनात तेव्हा विमान तिनं उचललं. साठ जणांचा जीव तिनं वाचवला. सांगता सांगता पडवीच्या पायरीशी कोणीतरी येऊन थांबल्याचं त्याला जाणवलं. दामिनी होती. चपला चिखलानं भरलेल्या, हातात विळा. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

गजेंद्रांचे हात केव्हाच सुटले होते. ते खाटेवर बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. बोलल्या त्या गोदाबाई.

“मंग थे शाल काहून घेतली तुमी?”

उद्धवचा हात नकळत खांद्याकडे गेला.

“मी पाह्यलं ना मोबाईलमंदी. आमीबी टाळ्या वाजवल्या इथी बसून. हे पोरगी उठून आत गेली तवा. मले वाटलं, हिले लाज वाटून राहिली चुकीची.” गोदाबाईंचा आवाज चढला नव्हता. “पोरीले तोंड झाकाले लावलं तुमी तिच्याच घरात.”

“अक्का, राहू दे,” दामिनी म्हणाली.

“काहून राहू देऊ?”

दामिनी पायरी चढून वर आली. विळा तिनं वळचणीला खोचला. “सर, तुम्ही हे सांगायला आला होतात?”

खोटं बोलायची शेवटची संधी ती होती, आणि हो म्हणणं फार सोपं होतं.

“नाही,” उद्धव म्हणाला. “तू गप्प राहावंस म्हणून सांगायला आलो होतो. इथे येऊन ते तोंडातून निघेना.”

तिनं मान हलवली, जणू एखादा अपेक्षित आकडा ऐकला. “मला रोज वाटायचं, आज तुमचा फोन येईल,” ती म्हणाली. “मग वाटायला लागलं, कदाचित मीच चुकीचा ऐकला असेल. रात्रंदिवस तेच. टॉवरचा आवाज आठवायचे, माझी वही काढून बघायचे. वहीत नऊशे अठ्ठ्याण्णवच आहे, सर. तरी माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता.”

 बाहेर एक ट्रॅक्टर गेला.

त्यानं तिथंच बसून, फोनवर, नवीन अहवाल लिहिला. कर्त्याशिवायचं एकही वाक्य त्यात ठेवलं नाही. मी ऐकलं नाही, मी फिरवला, मी थांबलो नाही, मी कळवलं नाही, मी पहिला अहवाल दिशाभूल होईल असा लिहिला. पाठवण्याआधी फोन दामिनीपुढे धरला. ती उभ्या उभ्या वाचू लागली.

“इथे तुम्ही लिहिलंय की मी आकडा एकदा सांगितला. मी दोनदा सांगितला होता.”

त्यानं ‘दोनदा’ केलं.

“आणि विमान वर घ्यायचं मी एकदाच म्हटलं होतं. तुम्ही दोनदा लिहिलंय. ते एकदा करा.”

तेही केलं. अहवाल गेला. गजेंद्र खाटेवरून उठले आणि म्हणाले, “जेवून जा,” पण ते रीत म्हणून म्हणाले, हे दोघांनाही कळत होतं. उद्धव निघाला. फाटकापर्यंत कोणी आलं नाही.

अकोल्याला पोचला तेव्हा दिवस कलला होता. नाना फाटकाशी खुर्चीत होते. तिथंच, त्यांच्यापुढे उकिडवा बसून, त्यानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा हे अवघड गेलं. नानांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, “जमीन किती राहिली होती?”

“एकशे सत्तर फूट.”

नाना खुर्चीचा हात धरून उठले आणि आत गेले. त्या संध्याकाळी ते त्याच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकाशी खुर्ची पडली नाही. दहाच्या सुमाराला इस्त्रीचा सदरा घालून, काठी घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, “शाल घे. तायड्यांकडे जायचंय.”

“मी एकटा जातो, नाना.”

“टाळ्या मीही वाजवल्या होत्या,” नाना म्हणाले.

पिंटूभाऊ दुकानात होते. सगळं ऐकून ते आधी हसले, मग अवघडले. “आता कायले सांगता जी? कोनाले मालूमबी नाई. झालं गेलं.” नानांनी शाल काउंटरवर ठेवली. उद्धवनं पिंटूभाऊंना मोबाईल काढायला लावला आणि दामिनी गावंडेचं नाव, गाव सांगून खरं काय घडलं ते त्यावर बोलला. पिंटूभाऊंनी तो व्हिडिओ टाकलाही. पहिला पोचला होता त्याच्या दहाव्या हिश्शानंही तो पोचला नाही. ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांतले काही जण रस्त्यात दिसले की उद्धवला हात करायचे थांबले, बाकीचे पहिल्यासारखेच हाक मारून विचारत, “काय कॅप्टनसाहेब?” ती हाक त्याला जास्त लागायची. मग थांबून पुन्हा सांगावं लागायचं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. त्याचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला. प्रशिक्षकाचं काम कायमचं गेलं, आणि परतल्यावर आधी सहवैमानिक म्हणूनच उडायचं ठरलं. दामिनीला पाच आठवड्यांत उड्डाणावर परत घेतलं. दुसऱ्या एका कॅप्टननं तिचं प्रशिक्षण पुरं केलं आणि ती पक्की झाली. हे उद्धवला सीमाकडून कळलं, तेही त्यानं स्वतः फोन करून विचारलं म्हणून.

निलंबन संपत आलं तेव्हा, फेब्रुवारीत, तो मुंबईला सिम्युलेटरच्या नकली कॉकपिटमध्ये सराव करायला गेला. वैमानिकांच्या खोलीत कागद घेऊन बसला होता तेव्हा दामिनी आत आली. खांद्यावरच्या पट्ट्या नव्या होत्या. तिच्याबरोबर एक तरुण कॅप्टन होता आणि दोघं कसल्या तरी हवामानाच्या कागदावर बोलत होती. तिनं त्याला पाहिलं. मधल्या महिन्यांत त्यानं मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तो अर्धवट उठला.

“गुड मॉर्निंग, कॅप्टन,” ती म्हणाली. पूर्वी ती त्याला सर म्हणायची.

“कुठे निघालीस?”

“अमरावती.”

“घरी सगळे?”

“बरे आहेत.” ती क्षणभर थांबली. “बाबा तुमचं नाव काढत नाहीत. अक्का काढते.” काय म्हणून काढते, ते तिनं सांगितलं नाही. हातातला कागद घडी करून खिशात टाकला आणि ती आपल्या कॅप्टनमागून दाराबाहेर गेली.

उद्धव उभाच होता.  समोरच्या भिंतीवरच्या यादीत त्याचं नाव तिसरं होतं आणि त्याच्यापुढे ‘प्रशिक्षणार्थी’ लिहिलं होतं. आत सिम्युलेटरमध्ये त्याची परीक्षा घेणारा अंकुर नावाचा मुलगा, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, वेळेवर येऊन बसला होता. उद्धवनं कागद गोळा केले, दार ढकललं आणि उजव्या हाताच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत जाऊन बसला.